गावाकडून नागपुरात: शहर मोहल्ल्या-मोहल्ल्यानं कसं ओळखावं

गडचिरोली, वर्धा, भंडारा, यवतमाळकडच्या अनेकांसाठी नागपूर म्हणजे गणेशपेठचा बसस्टँड, मेडिकलचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचं, गेट आणि परतीची गाडी. दहा-दहा वर्षं येजा करूनही महाल कुठं आणि सदर कुठं, हे सांगता येत नाही. कामाला जोडून एखादा-दीड दिवस मोकळा असेल, किंवा पोरगी-पोरगा शिकायला तिथं राहायला जाणार असेल, तर हे शहर वस्तीवस्तीनं कसं समजून घ्यायचं ते पुढं दिलं आहे.

आधी रेल्वेची रेघ

मोबाइलवरचा नकाशा उघडण्यापूर्वी कागदावर एक उभी रेघ मारा. ती रेल्वेलाइन. रेघेच्या उजवीकडं, म्हणजे पूर्वेला, जुनं नागपूर: महाल, इतवारी, गांधीबाग, गोळीबार चौक, गणेशपेठ. डावीकडं, पश्चिमेला, इंग्रजांच्या काळात आणि त्यानंतर वाढलेलं: सीताबर्डी (बोलण्यात बर्डी), सिव्हिल लाइन्स, सदर, धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ. या दोन नागपुरांची चाल वेगळी आहे. पूर्वेला गल्ली अरुंद, दुकान खाली, घर वर आणि पत्ता माणसाच्या नावानं सापडतो. पश्चिमेला रस्ता रुंद, कंपाउंडला भिंत, आणि पत्ता प्लॉट नंबरावर. पूर्वेत रस्ता चुकलात तर दहा जण सांगतील, पश्चिमेत भरदुपारी विचारायला माणूस मिळत नाही.

रेघ ओलांडायला नवख्याला दोन ठिकाणं पुरतात. एक, स्टेशनजवळचा रामझुला हा पूल, तो मेयो दवाखाना आणि सेंट्रल अव्हेन्यूकडं नेतो. दुसरा लोहापूल, बर्डीतून कॉटन मार्केट-गणेशपेठकडं जायला. लोहापूल म्हणजे रुळांखालून जाणारा खोलगट रस्ता. जोराचा पाऊस झाला की तिथं पाणी तुंबतं आणि दोन्हीकडं गाड्या अडकतात. पावसाळ्यात बस पकडायची घाई असेल तर त्या वाटेनं ऑटो घालू देऊ नका, कॉटन मार्केटपर्यंत मेट्रोनं जा.

दुसरी खूण रस्त्यांच्या नावांची. वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, कामठी रोड, भंडारा रोड, उमरेड रोड, हिंगणा रोड: रस्ता ज्या गावाला जातो त्याचंच नाव त्याला आहे. खेड्यातल्या माणसाला ही गावं कोणत्या दिशेला आहेत हे पाठ असतं. त्यामुळं दुकानाच्या पाटीवर 'उमरेड रोड' दिसलं की आपण शहराच्या आग्नेयेला आहोत, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यापेक्षा भिवापूरच्या माणसाला लवकर कळतं.

उतरायचं कुठं

एसटी शेवटी गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकात जाते, पण सगळ्यांनी तिथवर जायलाच पाहिजे असं नाही. गावाच्या बाजूनुसार पाहा.

वर्धा, यवतमाळ, हिंगणघाट, वरोऱ्याकडून येणाऱ्या गाड्या वर्धा रोडनं शिरतात. एम्सला जायचं असेल तर खापरीला उतरा. एम्स मिहानमध्ये, शहराच्या बरंच अलीकडं आहे. गणेशपेठपर्यंत जाऊन पुन्हा तेवढंच मागं येणारे नातेवाईक रोज दिसतात. दक्षिण नागपुरात किंवा बर्डीला जायचं असेल तर छत्रपती चौकात उतरून मेट्रो धरा. भंडारा, साकोली, गोंदियाकडून येणाऱ्यांनी पारडीजवळ, प्रजापती नगर मेट्रो स्टेशनपाशी उतरावं. सेंट्रल अव्हेन्यूवरच्या गर्दीतला वेळ वाचतो. रामटेक-मनसरकडून कामठी रोडनं आलात तर ऑटोमोटिव्ह चौक. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडच्या बाजूला मेट्रो नाही, थेट गणेशपेठच गाठा. अमरावती रोडवरही मेट्रो नाही; युनिव्हर्सिटीकडं काम असेल तर रविनगर चौक जवळ.

कंडक्टरला हे चौक आला की नव्हे, बुटीबोरी किंवा मौदा सुटतानाच सांगून ठेवा. उड्डाणपुलावर गाडी चढली की मधे थांबत नाही.

रेल्वेनं येणाऱ्यांसाठी एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल: मेडिकलला जायचं तर अजनी स्टेशन जवळ, वर्ध्याकडच्या बऱ्याच गाड्या तिथं थांबतात. मेयोला जायचं तर मुख्य स्टेशनवर उतरून पूर्वेच्या, संत्रा मार्केटच्या दारानं बाहेर पडा. मेट्रोही त्याच बाजूनं जवळ आहे. पश्चिमेची लाल दगडाची मुख्य इमारत १९२५ सालची, ती पाहायची तर मुद्दाम त्या दारानं निघा. आणि इतवारी स्टेशन म्हणजे इतवारीचा बाजार नव्हे! दोन्हींच्या मधे चांगलं अंतर आहे. सोन्याची खरेदी करायला इतवारी स्टेशनवर उतरून 'सराफा कुठं' विचारणाऱ्याला ऑटोवाला ओळखून घेतो.

बर्डी: इथून सुरुवात

सीताबर्डीला शहरात सगळे बर्डीच म्हणतात, ऑटोवालाही 'बर्डी, बर्डी' असंच ओरडतो. मेट्रोच्या दोन्ही लाइन इथं एकमेकींना ओलांडतात. ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. ॲक्वा लाइन पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्हींचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत. नवख्याची चूक रंगात होत नाही, दिशेत होते. म्हणून पाटीवरचं शेवटच्या स्टेशनचं नाव वाचूनच डब्यात पाय टाका. तिकिटावरचा क्यूआर कोड आत जाताना लागतो तसा बाहेर पडतानाही लागतो. आत शिरलो म्हणून कागद चुरगाळून फेकणारे पुढच्या स्टेशनवर गेटपाशी अडकतात.

बर्डीत सकाळी लवकर या. दुकानं बंद असताना मेन रोडची लांबी-रुंदी कळते. संध्याकाळी हातगाड्यांमधून फक्त पुढच्याची पाठ दिसते. टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथंच लढले. सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी खुला असतो. एरवी खालूनच पाहावा लागतो, पहारेकऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नाही.

बर्डीतून उत्तरेला पायी निघालं की झिरो माइलचा दगडी खांब लागतो, शेजारी चार घोडे. इंग्रजांच्या मोजणी खात्यानं अंतरं मोजण्यासाठी तो रोवला. थोडं पुढं विधानभवन आणि कस्तुरचंद पार्क. सकाळचा नाश्ता याच भागात करा: तर्री पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. पोट नाजूक असेल तर 'तर्री वेगळी द्या' असं आधीच सांगा. एकदा ओतली की पोह्यातून काढता येत नाही. हातगाड्यांवर चांगले पोहे दुपारपर्यंत उरत नाहीत.

महाल ते इतवारी, पायीच

नागपूर पाहिलं असं म्हणायचं तर हा भाग पाहिल्याशिवाय म्हणू नये. बाकी सगळं वेळ उरला तर. तीन ते चार तास धरा. वाडे आणि गल्ल्या पाहायच्या तर सकाळी आठ, बाजार पाहायचा तर अकरानंतर. उन्हाळ्यात मात्र सकाळच. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि डांबरी गल्लीत तो शेतापेक्षा जास्त लागतो. दुपट्टा, पाणी आणि ज्यांचा विश्वास असेल त्यांनी खिशात कांदा.

कॉटन मार्केट मेट्रो स्टेशनवर उतरा. नाव कापसाचं, पण आता इथं भाजीबाजार भरतो. तिथून गांधीसागर तलावाकडं चला. जुने लोक याला शुक्रवारी तलाव म्हणतात. देवगडच्या गोंड राजांपैकी बख्त बुलंद शहानं १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं; त्याचा मुलगा चांद सुलतान यानं शहराला तट घातला आणि हा तलाव बांधवला. पुढं रघुजी भोसल्यांच्या काळात नागपूरकर भोसल्यांची राजधानी इथं आली. म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड माणसानं हे शहर परकं मानायचं काही कारण नाही. तलावाच्या आसपासच १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाडचा कापूस इथं येऊन सूत व्हायचा. गिरणी बंद झाली, जागेवर मॉल आहे.

तलावाकडून गांधी गेट, म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा. तटाची जी थोडी खूण उरली आहे ती हीच. या दरवाजातून आत शिरलं की महाल. इथं भराभर चालू नका. वाड्याचं लाकडी दार, वर जाळीची खिडकी, खाली झेरॉक्सचं दुकान, हे एकाच भिंतीत दिसतं. वाडे बहुतेक खासगी आहेत. दार उघडं आहे म्हणून आत शिरू नका, ओसरीवर कुणी बसलं असेल तर 'काका, आतून पाहू का?' एवढं विचारा. महालात मराठी चालते, वाड्यातला म्हातारा माणूस तर गाव कोणतं, आडनाव काय, सोयरिक कुठली, इथपर्यंत विचारून घेतो.

बडकस चौकातून चितार ओळीकडं विचारत जा. गणपती-दुर्गेच्या मूर्ती करणाऱ्यांची ही ओळ. पोळ्याच्या आधी महिनाभर गेलात तर माती, साचे आणि अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींतून वाट काढावी लागते. एरवी ही गल्ली साधीच दिसते, तेव्हा वर्षातल्या चुकीच्या महिन्यात येऊन 'इथं तर काही नाही' म्हणू नका.

इतवारीत ओळीच ओळी: किराणा ओळ, लोहा ओळ, सराफा ओळ. एका धंद्याची दुकानं एका रांगेत, त्यामुळं भाव विचारत पाच दुकानं फिरायला पाच मिनिटं लागतात. पण दुकान ठोकचं की चिल्लरचं हे आधी विचारा. ठोक दुकानदार एक नग देतो म्हणेल, पण भाव चिल्लरचा लावील आणि बदलून देणार नाही. लग्नाचा बस्ता गांधीबागेत बांधायचा असेल तर घरचे सगळे मिळून जाऊ नका. आदल्या दिवशी दोघांनी जाऊन दुकानं हेरावीत, दुसऱ्या दिवशी बाया-माणसांनी येऊन निवडावं. अकरा जणांचं वऱ्हाड त्या गल्लीत उभं राहिलं की दुकानदार भाव कमी करत नाही, चहा मात्र पाजतो. ओळीओळीची साप्ताहिक सुटी वेगळी असते, नेमकी खरेदी असेल तर दुकानात फोन करून निघा.

या भागात सर्वांत जास्त फसगत वारांच्या नावांनी होते. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखेच इथं बाजाराच्या वारांवरून मोहल्ले पडले, आणि एकेका वाराचे दोन-तीन मोहल्ले आहेत. जुनी मंगळवारी जुन्या शहरात, तर नुसती मंगळवारी सदरकडं, रेल्वेच्या पलीकडं. बुधवार बाजार महालात आहे तसा सक्करदऱ्यातही आहे, शिवाय जागनाथ बुधवारी वेगळीच. जुनी शुक्रवारी, नवी शुक्रवारी हे आणखी. कुणी 'मंगळवारीत या' म्हटलं तर 'सदरची की जुनी?' हे विचारल्याशिवाय ऑटोत बसू नका.

चालून भूक लागली की गोळीबार चौकाकडं सावजी. विणकरी करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाचं हे जेवण. भाजून वाटलेला काळा मसाला, वर तेलाचा थर, जुन्या घरांत जवसाचं तेल. आपल्याकडं तिखट खायची सवय आहे म्हणून कुणी बढाई मारू नये. सावजीचा झटका मिरचीपेक्षा मिरे-लवंगेचा असतो, आणि तो जिभेला उशिरा, पोटाला त्याहून उशिरा कळतो. पहिल्यांदा अर्धी प्लेट मागवा. मांसाहार नसेल तर डाळकांदा किंवा पाटवडी-रस्सा. लांबच्या एसटीत बसायच्या आधी हे जेवण टाळलेलं बरं. मुक्काम असेल तरच.

परतीला चितार ओळी चौक किंवा अग्रसेन चौक, जे जवळ पडेल ते मेट्रो स्टेशन.

उत्तरेकडं: गड्डीगोदाम ते जरीपटका

बर्डीतून ऑरेंज लाइननं ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेला बसा आणि खिडकीजवळ उभे राहा. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर आपली मेट्रो, असे चार थर आहेत. वरून ते नीट दिसत नाहीत. पाहायचेच तर उतरून खालून पाहा.

इंदोरा चौकाला उतरलं की बौद्ध वस्ती, विहारं, निळे झेंडे. नागपुरातली आंबेडकरी चळवळ समजून घ्यायची तर आधी इंदोरा आणि मग दीक्षाभूमी, असा क्रम ठेवा. दीक्षाभूमी दुसऱ्या टोकाला, रहाटे कॉलनी स्टेशनवरून चालत जाण्याजोगी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथंच धम्मदीक्षा घेतली. आजचा मोठा पोकळ स्तूप २००१ मध्ये खुला झाला. जोडे बाहेर काढावे लागतात, उन्हाळ्यात दुपारी फरशी तापते, म्हणून मोजे जवळ ठेवा.

इंदोऱ्याच्या पलीकडं जरीपटका, फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वस्ती. दाल-पकवान सकाळीच मिळतं. मोमिनपुरा मात्र रेघेच्या पूर्वेला, मेयोच्या बाजूला आहे. तिथं रात्रीचं जेवण, विशेषतः रमजानमध्ये, पाहण्या-खाण्यासारखं. माणसांचे, खासकरून बायांचे फोटो न विचारता काढू नका. हे सगळ्याच वस्त्यांना लागू आहे, पण अरुंद मोहल्ल्यात लगेच लक्षात येतं.

पश्चिम आणि दक्षिण, थोडक्यात

सिव्हिल लाइन्समध्ये हायकोर्टाची घुमटाची इमारत, विधानभवन, जुने बंगले, मोठी झाडं. नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रांताची, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, पुढं तो मान गेला आणि १९५३ च्या नागपूर कराराच्या वचनाप्रमाणं हिवाळी अधिवेशन तेवढं उरलं. या रस्त्यांची रुंदी त्या राजधानीची आहे. धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे खासगी दवाखाने. डॉक्टरांच्या पाट्या इतक्या की नुसतं आडनाव सांगून चालत नाही, पूर्ण नाव आणि कशाचे डॉक्टर ते लिहून न्या. धरमपेठ-गोकुळपेठेत संध्याकाळी भाजीबाजार आणि खाण्याच्या गाड्या. पुढं फुटाळा तलाव. शिकायला येणाऱ्यांनी खोली पाहताना कॉलेजपासूनचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये, तिथं जायला मेट्रो किंवा सिटी बस थेट आहे का ते विचारावं. मानेवाडा-बेसाकडं भाडं कमी दिसतं, पण कॉलेज हिंगणा रोडला असेल तर वाचलेलं भाडं ऑटोत जातं.

कोणत्या दिवशी जाऊ नये

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते, सोबत बडगे नावाचे पुरुषी पुतळे. मिरवणूक पाहायलाच जाणार असाल तर त्या दिवशीच जा. खरेदीला किंवा दवाखान्यात जायचं असेल तर इतवारी-महाल टाळा, रस्ते बंद असतात. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, गाड्या आणि लॉज दोन्ही भरलेले. डिसेंबरात अधिवेशन असलं की बर्डी ते विधानभवन बॅरिकेड लागतात आणि मोर्चे निघतात. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समध्ये ऑटो आत सोडतील याचा भरवसा नाही, कस्तुरचंद पार्क मेट्रोवरून पायी जा.

ऑटो, पत्ता आणि परतीची वेळ

ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते 'सवारीचं की पूर्ण ऑटोचं' हेही विचारा. भांडणं याच एका शब्दावरून होतात. पत्ता सांगताना पुतळा, टॉकीज, नाका सांगा: तुकडोजी पुतळा, लिबर्टी टॉकीज, दिघोरी नाका. नुसतं 'आंबेडकर चौक' किंवा 'शिवाजी पुतळा' म्हटलं तर कोणता, असा प्रश्न येणारच. दुकानदार-ऑटोवाले हिंदीत सुरू करतात. तुम्ही मराठीतच बोला, त्यांना कळतं. 'आपली बस' ही महापालिकेची, एसटीची नव्हे. बायांना एसटीत मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत सिटी बसमध्ये गृहीत धरू नका.

लॉज स्टेशन, गणेशपेठ, कॉटन मार्केटच्या आसपास भरपूर. आधार कार्ड मूळ प्रत लागते. पैसे देण्याआधी खोली, नळाचं पाणी आणि दाराची कडी पाहा.

गणेशपेठला पोचलात की सर्वांत आधी, फिरायला निघण्यापूर्वीच, चौकशी खिडकीवर आपल्या गावाची शेवटची गाडी विचारून कागदावर लिहून घ्या. तालुक्यापर्यंत गाडी रात्री असते, पण तिथून गावाला जाणारी संध्याकाळीच सुटलेली असते, त्यामुळं हिशेब तालुक्याच्या गाडीवरून नव्हे, गावच्या गाडीवरून उलटा लावा. मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते.

नेण्यासाठी संत्रा बर्फी घ्यायची असेल तर ती शेवटच्या तासात घ्या. खव्याची असेल तर उन्हाळ्यात दिवसभर पिशवीत टिकत नाही, डब्यावरची तारीख पाहा. ताजी संत्री स्टेशनच्या पूर्वेला संत्रा मार्केटमध्ये मिळतात. कळमन्याच्या बाजार समितीत लिलाव ढिगानं आणि क्रेटनं चालतो, दोन किलोसाठी तिथवर जाऊ नका. काटोल-वरूडच्या माणसानं नागपुरात संत्री विकत घेऊ नयेत, हे वेगळं सांगायला नको.